तुम्ही व्हा पुढं, मी सामान बघते

“तुम्ही व्हा पुढं. मी सामान बघते.”

हे वाक्य उच्चारण्यापूर्वी अक्का काही गोष्टी ठरावीक क्रमाने करत. आधी पदराने दगड झटकत. मग बसत. मग आमच्या सगळ्यांच्या पाठपिशव्यांचे पट्टे एकमेकांत ओवून त्यांचे टोक पायाच्या अंगठ्यात अडकवत. शेवटी लाल छत्री उघडत. छत्री उघडली म्हणजे आम्हाला सुट्टी झाली. त्यानंतर कोणी “अक्का, चला ना तुम्हीपण” म्हणाले, तर ऐकू न आल्यासारखे दाखवत आणि कोंबड्या हाकलाव्यात तसे हाताने आम्हाला हाकलत.

प्रत्येक सहलीत असे एक माणूस असते, हे आपणही पाहिले असेल. देवळाच्या पायऱ्यांपाशी चपला राखणारे, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसणारे, फोटोत कधीही न सापडणारे. अक्का त्यांच्यापैकीच, पण एवढ्यावर थांबलो तर चित्र अपुरे राहील. कारण अक्का सामान राखत आणि त्याचे मोल वसूल करत. कसे, ते सांगतो. पण आधी अक्का कोण आणि तो दगड कुठला, हे सांगितले पाहिजे.

चामराजपेटेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्कांचे साड्यांना फॉल लावून देण्याचे दुकान होते. दुकान म्हणजे घराचीच पुढली खोली: एक शिवणयंत्र, दोऱ्याच्या रिळांनी भरलेली बरणी आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. घराणे कित्येक पिढ्या बेंगळूरचे. मराठी घरातली, कन्नड दारातली, आणि अक्का उंबऱ्यात बसत असल्यामुळे त्यांच्या एकेका वाक्यात दोन्ही. “मेष्ट्रे, स्वल्प थांबा, एवढा दोरा संपू दे.” मेष्ट्रे म्हणजे मास्तर. मी शाळेत भूगोल शिकवीत असे. शाळेने मला निवृत्त केले, अक्कांनी केले नाही.

रविवारी सकाळी आमची काही मंडळी मिळून चालायला जात. बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात जन्म काढलेले किट्टण्णा. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, इंदिरानगरात राहणारी अनघा. शिवाय येणारे-जाणारे काही. वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, हीच मंडळी घाट उतरून समुद्रकाठच्या एका भूशिरावर जात असत.

भूशिर म्हणजे काय, हे लगेच सांगून टाकतो. आपला उजवा हात टेबलावर पालथा ठेवा आणि मूठ वळा. मूठ हा गड. मनगट ही सखल, अरुंद खिंड. कोपराकडचा भाग ही मुख्य जमीन. मुठीच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे. मुठीवर जांभ्या दगडाची पडकी तटबंदी, एक विहीर आणि अगदी टोकाला, उंचावर, एक बुरूज. मनगटाच्या अलीकडे दोन पायवाटा एकत्र येतात: एक कड्याच्या कडेने, दुसरी काजूच्या झाडांमधून. त्या जिथे मिळतात तिथे उघड्यावर एक सपाट दगड आहे. तो अक्कांचा. हात आता काढून घेतलात तरी चालेल. पण मुठीवरून कोपर दिसते, एवढे लक्षात असू द्या.

पहिल्या वर्षी तिथे माकडांनी किट्टण्णांचा चित्रान्नाचा डबा पळवला, आणि त्याच वर्षी अक्कांच्या गुडघ्यांनी चढाला नकार दिला. दोन्ही प्रश्न एकदम सुटले. त्या सामानापाशी बसल्या, आम्ही पुढे गेलो. दुसऱ्या वर्षी कोणी काही विचारले नाही, आणि तिसऱ्या वर्षी तो रिवाज झाला. काजूच्या सावलीत बसा म्हटले तर म्हणत, “सावलीत माकड वरून येतं. उन्हात कुठून येतं ते दिसतं.” म्हणून छत्री.

बसल्या बसल्या त्या सुई-दोरा काढत. आम्ही परतेपर्यंत कुणाचा उसवलेला पट्टा जोडलेला असे, कुणाच्या सदऱ्याला बटण आलेले असे. शिलाई इतकी बारीक की घरी गेल्यावर लक्षात येई.

आता वसुलीविषयी. आम्ही घामाघूम होऊन उतरत असू. पण पिशव्यांची गाठ अक्का लगेच सोडत नसत.

“एक गोष्ट सांगा. आमेले पिशवी.” आमेले म्हणजे नंतर.

पहिल्या खेपेला अनघाने मोबाइल पुढे केला. “अक्का, हे बघा ना, मस्त फोटो आलेत.”

“फोटो बेड,” अक्का म्हणाल्या. नको. “फोटोत फोननं काय बघितलं ते कळतं. तू काय बघितलंस ते सांग.”

अनघा गोंधळली. शेवटी म्हणाली, “विहिरीत एक कासव होतं. आम्हाला बघून बुडालं.”

“सरी,” अक्का म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि पट्टा सोडला.

शिक्षक म्हणून मला ही पद्धत फार आवडली. पाहणे आणि सांगता येणे यांत किती अंतर असते, हे मुलांना पटवून देण्यात माझी बरीच वर्षे गेली होती. अक्कांनी ते एका पिशवीत साधले. मात्र त्यांचा आणखी एक नियम होता: एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा चालत नसे.

“कासव? कासव झालं. अनघानं सांगितलं. नवीन सांगा.”

आता, ते भूशिर लहान आहे. तट, विहीर, बुरूज, कासव. थोड्याच वर्षांत सांगण्याजोगे सगळे संपले. मी तपशिलात शिरलो. एका पायरीच्या दगडावर सोंगट्यांचा पट कोरलेला मला आढळला. पहाऱ्यावरचे शिपाई वेळ घालवायला तिथे खेळत असावेत. ही गोष्ट अक्कांना अतिशय रुचली.

“पहारा सोडून खेळत होते? मग गड गेला तो उगीच नाही!”

मी खोटे कधी सांगितले नाही. शिपायांच्या बाबतीत ‘बहुधा’ हा शब्द मात्र गाळला, हे नमूद करतो.

इतरांनी मात्र कल्पनेचा आधार घेतला. किट्टण्णांनी जाहीर केले की बुरजाखाली एक गुहा आहे आणि तिच्यात लाट शिरली की म्हातारा खाकरल्यासारखा आवाज येतो. पुढल्या वर्षी अनघाने बुरजातल्या तोफेच्या भोकातून चाफा उगवल्याचे सांगितले. त्याच्या पुढल्या वर्षी किट्टण्णांनी तटावर मोर आणून बसवला. चाफा ऐकल्यावर मी अनघाला बाजूला घेऊन विचारले, “बुरजाच्या कुठल्या अंगाला?”

“सर, प्लीज. माझा चार्जर आत अडकलाय.”

गंमत पुढेच आहे. नवीन मंडळी आली की अक्का त्यांना आधीच बजावत, “बुरजाच्या तोंडात चाफा आहे, बघून या हं.” ती बिचारी वर जाऊन सगळीकडे शोधत. काही सापडत नसे. खाली छत्रीतून दोन उत्सुक डोळे विचारत, “दिसला?” आणि ती माणसे म्हणत, “हो तर, छान फुललाय.” अशा रीतीने चाफ्याला साक्षीदार मिळत गेले.

एकदा पत्नीची साडी द्यायला दुकानात गेलो होतो. अक्का एका गिऱ्हाइकाला गड सांगत होत्या: खिंडीतला वारा, पट कोरलेली पायरी, कासव, खाकरणारी गुहा, संध्याकाळी तटावर येणारा मोर. मीच थक्क झालो. इतक्या सुंदर जागी मी कधी गेलोच नव्हतो.

“तुम्ही सगळं बघितलंत, अक्का?” गिऱ्हाइकाने विचारले.

“हे बघा, प्रत्येकानं एकेक गोष्ट बघितली. मला सगळ्यांनी सांगितली. म्हणजे माझाच जास्त बघून झाला की!”

खरा गड दर पावसाळ्यात थोडाथोडा ढासळत होता. अक्कांचा दर थंडीत वाढत होता.

मग एका रविवारी, चालून झाल्यावर कॉफी पिताना, त्यांनी पेल्यात बघत सांगितले की दुकान बंद करतेय. मुलगी नागपूरला असते. गुडघे आता यंत्राचे पायडलही मारू देत नाहीत. गडावरची सहल करून त्या निघणार.

“नागपुरात समुद्र नाही म्हणे,” त्या म्हणाल्या.

“समुद्र नाही. उन्हाळा आहे,” किट्टण्णा म्हणाले. कोणाला फारसे हसू आले नाही.

अनघा एकदम म्हणाली, “मग यंदा तुम्ही वर यायचंच. हळूहळू जाऊ. मी हात धरते.” सगळ्यांनी दुजोरा दिला. क्षणभराने तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिला चाफा आठवला होता.

घाट उतरताना बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर दोघांची कुजबुज चालली होती.

“अण्णा, आपण फुल्ल अडकलोय. चाफ्याचं काय करायचं?”

“वीज पडली म्हणून सांगू.”

“थंडीत?”

“मागल्या पावसाळ्यात पडली. आणि मोर लग्नाला गेला.”

“अण्णा!”

“अय्यो, मग तूच सांग काय ते. चाफा तुझा.”

विनोद बाजूला ठेवला, तर प्रश्न गंभीर होता. अक्का वर गेल्या, तर इतक्या वर्षांत गोळा केलेला त्यांचा गड तिथे असणार नव्हता. न गेल्या, तर खरा गड त्यांना कधीच दिसणार नव्हता. आणि हे त्यांनाही कळले होते. दगडापाशी पोचल्यावर त्यांनी सवयीने पदर झटकला, बसल्या, पट्टे ओवायला घेतले. बाकीचे जरा पुढे जाऊन थांबले होते.

“अक्का, आज छत्री माझ्याकडे द्या,” मी म्हणालो. “सामान मी बघतो.”

“बेड, मेष्ट्रे.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “एक सांगू? मी इथं बसले तर माझा गड आहे तसा नागपूरला येतो. वर गेले तर एवढासाच येईल. तिथं जेवढा असेल तेवढा.”

 मी शिक्षकाला सुचेल तेच बोललो.

“हे पाहा, इतकी वर्षं तुम्ही आमची तोंडी परीक्षा घेतलीत. स्वतः एकदाही दिली नाहीत. आज परीक्षक मी. वर जायचं, एक गोष्ट आणायची. जुनी चालणार नाही.”

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसू आले त्यांना. “नापास केलंत तर?”

“पिशवी मिळणार नाही.”

त्यांनी छत्री माझ्या हाती दिली. “माकड आलं तर त्याच्या डोळ्यात बघू नका,” एवढी सूचना केली आणि अनघाचा हात धरून खिंडीत उतरल्या.

सामान राखणे हे काम दिसते तेवढे सोपे नाही. मी पट्टे ओवले, पण अंगठ्यात काय अडकवायचे ते चुकले. छत्री वाऱ्याने सारखी उलटायची. ती सरळ करीत असताना मागून केळ्यांचा घड गेला. शहाळी विकणारा माणूस येऊन मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, “अज्जी एल्ली?” आजी कुठे, असे तो विचारीत होता. मी बुरजाकडे बोट दाखवले. तो मान हलवीत गेला. त्याच्या मते ही अदलाबदल काही ठीक झालेली नव्हती.

बऱ्याच वेळाने बुरजावर ठिपके दिसू लागले. त्या दगडावरून वरची माणसे दिसतात, हे मला प्रथमच कळले. चेहरे ओळखू येत नाहीत, रंग येतात. सगळे ठिपके समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. त्यांत एक हिरवा ठिपका होता, अक्कांची साडी. तो थोडा वेळ इतरांसारखाच समुद्राकडे होता. मग वळला. बराच वेळ तो माझ्या दिशेने उभा राहिला, आणि मग त्याचा हात वर झाला. मी गोंधळून छत्री हलवली. ती तेवढ्यात पुन्हा उलटली.

परतताना अक्का सगळ्यांच्या पुढे होत्या. मागून किट्टण्णा आणि अनघा निकालाच्या दिवशी शाळेत येणाऱ्या मुलांसारखे चालत होते.

“काय, अक्का?” मी विचारले. “चाफा?”

अनघाने डोळे मिटले.

“झाड आहे तिथं एक,” अक्का म्हणाल्या. “आत्ता फूल नाही. थंडी आहे ना.”

“आणि मोर?”

“ह्या उन्हात मोर कशाला येईल? शहाणा आहे तो.” मग किट्टण्णांकडे वळून, “अण्णा, गुहा खाकरते मात्र अगदी तुमच्यासारखी.”

किट्टण्णा खरोखरच खाकरले, आणि सगळेच सुटल्यासारखे हसले. अनघा जाऊन अक्कांच्या गळ्यात पडली. का, हे नवीन मंडळींना कळले नाही.

सगळे शहाळी प्यायला गेल्यावर अक्का माझ्या शेजारी दगडावर बसल्या.

“झाड आहे?” मी विचारले.

“गवत आहे, मेष्ट्रे. पोरगी चढताना माझा हात असा घट्ट धरून होती, की मला भिंतीत झाड दिसायलाच लागलं.” त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “मला ठाऊक होतं हो. पण कुणी आपल्यासाठी चाफा लावला, तर उपटायचा कशाला?”

“पण हे सगळं जुनं झालं. तुमची गोष्ट राहिली. नवीन.”

अक्का बुरजाकडे बघत होत्या.

“इथून तुम्ही दिसायचे मला, दरवर्षी. सगळ्यांच्या पाठी. मला वाटायचं, खालून वरचं दिसतं, वरून खालचं दिसत नसणार. कुणी कधी हात केला नाही ना, म्हणून.” त्यांनी छत्री माझ्या हातातून घेऊन तिची वाकडी काडी सरळ केली. “तिथून हा दगड दिसतो, मेष्ट्रे. छत्री दिसते. एवढीशी लाल, टिकलीएवढी. इतकी वर्षं मी तिथून दिसत होते. तुम्ही कुणी सांगितलं नाहीत.”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. विहिरीत कासव आहे हे पहिल्यांदा ऐकताना जसा असे, तसाच तो स्वर होता. आम्ही कासव सांगितले होते, पट सांगितला होता, नसलेला मोर सांगितला होता. बुरजावर पोचलेला माणूस समुद्राकडे तोंड करतो. मागे वळून न पाहताच तो परत येतो, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या कधी ध्यानातही आले नव्हते.

मी पट्ट्यांची गाठ सोडून त्यांची पिशवी त्यांच्या हाती दिली. 

अक्का नागपूरला गेल्या. दुकानाच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरे मिळतात. आमच्या पिशव्यांचे पट्टे उसवतात आणि उसवलेलेच राहतात. छत्री त्या निघताना अनघाकडे देऊन गेल्या.

यंदा थंडीत आम्ही पुन्हा गेलो. सामान राखायची पाळी आता चिठ्ठी टाकून ठरते. ती किट्टण्णांवर आली. परत आल्यानंतर मी अक्कांना फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी आणि नातवंडांचा गलका होता.

“बोला मेष्ट्रे. एक गोष्ट सांगा.”

“बुरजावरून लाल छत्री दिसली.”

“ते झालं. ते मीच सांगितलं. नवीन सांगा.”

मी जरा विचार केला आणि जे पाहिले होते ते सांगितले. आम्ही बुरजावर पोचलो आणि कोणी कोणाला काही न सांगता सगळे समुद्राकडे पाठ करून उभे राहिलो. खाली दगडावर ती टिकलीएवढी छत्री होती. आम्ही हात हलवले. किट्टण्णांनी छत्री हलवली, ती उलटली. शेजारी कुठलीतरी अनोळखी मंडळी समुद्राचे फोटो काढत होती. ही माणसे इतक्या लांब येऊन उलटीकडे काय बघताहेत, म्हणून तीही वळली. त्यांना तिकडे काय आहे ते कळले नसावे. पण छत्री हलते आहे एवढे दिसले, आणि त्यांनीही हात हलवायला सुरुवात केली.

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.  

“सरी,” अक्का म्हणाल्या. “घ्या पिशवी.”